सरकारी आरोग्य केंद्रातून गर्भनिरोधक साधने कशी मिळवावीत

गर्भनिरोधक साधने सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळतात, हे बहुतेकांच्या कानावर आलेले असते. परंतु त्यासाठी नेमके कोठे जायचे, कोणाला विचारायचे आणि काय सांगायचे हे ठाऊक नसल्यामुळे अनेक जोडपी तो विषय पुढच्या महिन्यावर ढकलत राहतात. भारताचा कुटुंब नियोजन कार्यक्रम १९५२ पासून चालू आहे आणि त्याची साधने गावातल्या उपकेंद्रापर्यंत पोहोचलेली आहेत. पुढील माहिती महाराष्ट्रातील व्यवस्था डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे.

पहिली पायरी : किती काळासाठी साधन हवे, ते घरीच ठरवा

साधनाचे नाव ठरवण्याची घाई करू नका, कारण ते तपासणीनंतर बदलू शकते. मात्र काही महिन्यांपुरती सोय हवी आहे, दोन मुलांत तीन-चार वर्षांचे अंतर हवे आहे की आता मूल नकोच आहे, एवढे स्पष्ट असले तर जायचे ठिकाण आपोआप ठरते. मूल अंगावर पीत असल्यास किंवा रक्तदाब, अर्धशिशी, कावीळ यांपैकी काही असल्यास तेही लक्षात ठेवा, कारण गोळी कोणती द्यायची हे त्यावर अवलंबून असते. पाळी चुकलेली असेल, तर आधी गर्भधारणेची तपासणी करून घ्यावी. त्यासाठीचे ‘निश्चय’ किट आशाताईंकडे आणि उपकेंद्रात मिळते.

दुसरी पायरी : जवळच्या दारापासून सुरुवात करा

मोठ्या रुग्णालयात जाऊन रांगेत उभे राहण्याची गरज बहुतेक वेळा नसते. निरोध, ‘माला-एन’ व ‘छाया’ या गोळ्या आणि ‘इझी पिल’ ही तातडीची गोळी आशाताईंकडे किंवा उपकेंद्रातील आरोग्यसेविकेकडे, म्हणजे आपण सिस्टर म्हणतो त्यांच्याकडे, मिळते. आशाताईंनी ही साधने घरपोच देण्याची योजना २०११ मध्ये सुरू झाली. त्या योजनेत घरी आणून देण्याबद्दल एक-दोन रुपये घेण्याची तरतूद ठेवण्यात आली होती. केंद्रात मात्र हीच साधने विनामूल्य मिळतात. शहरात आशाताई माहीत नसतील, तर महानगरपालिकेचा दवाखाना किंवा नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे.

‘अंतरा’ इंजेक्शनाचा पहिला डोस डॉक्टरांनी तपासल्यानंतरच दिला जातो. त्यामुळे त्यासाठी आणि तांबी बसवण्यासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात जावे. काही उपकेंद्रांतही प्रशिक्षित सिस्टर तांबी बसवतात, पण ती सेवा कोणत्या वारी असते हे आधी विचारून घेतल्यास एक फेरी वाचते. नसबंदीची शस्त्रक्रिया ग्रामीण, उपजिल्हा व जिल्हा रुग्णालयांत, तसेच शस्त्रक्रियागृह असलेल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत ठरावीक दिवशी होते.

तिसरी पायरी : केसपेपर काढा आणि नेमके शब्द वापरा

बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढताना खिडकीवर सगळ्यांदेखत कारण सांगणे अनेकींना अवघड जाते, आणि तसे सांगण्याची आवश्यकताही नाही. ‘सिस्टरांना भेटायचे आहे’ किंवा ‘कुटुंब नियोजनाचा सल्ला हवा आहे’ एवढे पुरते. आत गेल्यावर मात्र संकोच बाजूला ठेवावा. ‘पाळणा लांबवायचा आहे’ एवढ्यावर न थांबता, किती वर्षांसाठी आणि पूर्वी कोणते साधन वापरले होते, हे सांगावे. तात्पुरत्या साधनांसाठी पतीची संमती किंवा लग्नाचा दाखला लागत नाही. किशोरवयीन मुलामुलींना ‘मैत्री’ क्लिनिकमध्ये स्वतंत्र समुपदेशन मिळते.

चौथी पायरी : मिळालेले साधन नीट समजून घ्या

घाई होते ती बहुधा इथेच. साधन हातात पडले की लोक उठतात, आणि मग गोळ्यांची पाकिटे अर्धवट वापरून पडून राहतात.

‘माला-एन’च्या पाकिटात २८ गोळ्या असतात : २१ संप्रेरकाच्या आणि ७ लोहाच्या. त्या रोज एक अशा, पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत सुरू करायच्या असतात. मूल सहा महिन्यांचे होईपर्यंत स्तनदा मातेने त्या घेऊ नयेत. वय ३५ च्या पुढे असून धूम्रपानाची सवय असल्यास किंवा रक्तदाब वाढलेला असल्यासही त्या योग्य ठरत नाहीत.

‘छाया’ ही संप्रेरकविरहित गोळी असून ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत विकसित झाली. स्तनदा मातेलाही ती चालते. गोंधळ होतो तो तिच्या वेळापत्रकात : पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची, पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वारी, आणि त्यानंतर आठवड्यातून एकदाच. पहिली गोळी रविवारी घेतली असेल, तर पहिले तीन महिने रविवार व बुधवार, आणि चौथ्या महिन्यापासून फक्त रविवार. हे वार पाकिटावर पेनने लिहून घ्यावेत.

‘अंतरा’चे इंजेक्शन दर तीन महिन्यांनी घ्यायचे असते. ठरलेल्या तारखेच्या दोन आठवडे आधीपासून चार आठवडे नंतरपर्यंत ते घेता येते, तरी शेवटच्या दिवसाची वाट पाहू नये. टोचलेली जागा चोळू नये किंवा शेकू नये. पाळी अनियमित होणे अथवा थांबणे हा या इंजेक्शनाचा अपेक्षित परिणाम आहे, आणि हे आधी न सांगितल्यामुळेच अनेक जणी घाबरून दुसरा डोस टाळतात. शेवटच्या डोसानंतर दिवस राहायला साधारण सात ते दहा महिने लागू शकतात. वर्षभरातच मूल हवे असेल, तर दुसरे साधन निवडणे शहाणपणाचे.

तांबी दोन प्रकारची असते : एक पाच वर्षांची, तर दुसरी दहा वर्षांची. कोणती बसवली आणि केव्हा काढायची, हे कार्डावर लिहून घ्यावे. सुरुवातीचे काही महिने रक्तस्राव व पोटदुखी वाढू शकते. तांबी मुदतीआधी केव्हाही, आणि तीही विनामूल्य, काढून घेता येते. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवण्याची सोयही आहे, पण ती हवी असल्यास गरोदरपणाच्या तपासणीतच तसे सांगून ठेवावे. कळा सुरू असताना विचारलेल्या प्रश्नाला शांतपणे उत्तर देता येत नाही.

तातडीची गोळी असुरक्षित संबंधानंतर ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितके बरे, घ्यावी. ती नेहमीच्या वापरासाठी नाही. आणि लैंगिक संबंधातून पसरणाऱ्या संसर्गापासून संरक्षण हवे असेल, तर वर सांगितलेल्यांपैकी फक्त निरोधच उपयोगी पडतो.

पाचवी पायरी : कायमचे साधन हवे असल्यास

आधार कार्ड आणि बँकेचे पासबुक सोबत न्यावे, कारण शासनाची भरपाईची रक्कम खात्यात जमा होते. स्त्री २२ ते ४९ वर्षांची, विवाहित आणि किमान एक मूल एक वर्षापेक्षा मोठे असलेली असावी, असा निकष आहे. जोडीदाराची सही सक्तीची नाही. ज्याची शस्त्रक्रिया आहे, त्याची स्वतःची संमती पुरेशी असते. टाक्याचे ऑपरेशन बाळंतपणानंतर सात दिवसांत करता येते, तर दुर्बिणीच्या ऑपरेशनासाठी सहा आठवडे थांबावे लागते. पुरुषांची बिनटाक्याची नसबंदी या दोन्हींपेक्षा सोपी असते, तरीही घरोघरी ऑपरेशनासाठी बाईचेच नाव पुढे केले जाते, याचा जोडप्याने एकदा बसून विचार करावा. मात्र पुरुष नसबंदीचा परिणाम लगेच होत नाही : तीन महिने निरोध वापरावा, मग वीर्यतपासणी करून घ्यावी आणि त्यानंतरच प्रमाणपत्र घ्यावे. शस्त्रक्रिया अपयशी ठरून गर्भधारणा झाल्यास नुकसानभरपाईचा दावा ती लक्षात आल्यापासून ९० दिवसांत करावा लागतो. त्यासाठी संमतिपत्राची प्रत व प्रमाणपत्र जपून ठेवावे.

सहावी पायरी : पुढची तारीख घेऊनच निघा

साठा संपला असेल, तर ‘पुन्हा केव्हा येईल’ एवढेच विचारून परतू नये. जवळच्या कोणत्या केंद्रात तो शिल्लक आहे, हे सिस्टरांना विचारावे, आणि तोवरच्या दिवसांसाठी निरोध मागून घ्यावा. गोळ्यांचे शेवटचे पाकीट उघडले की त्याच आठवड्यात पुढची पाकिटे आणावीत. खूप रक्तस्राव, पोटात तीव्र दुखणे, ताप किंवा पायावर सूज दिसल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी केंद्र गाठावे, आणि कार्ड सोबत न्यावे.