टीव्हीवर वाचायची पानं: डिस्क बनवताना या चुका टाळा

हरिपाठ, आरत्या, मनाचे श्लोक, घराण्याचा कुलवृत्तांत, आजीच्या वहीतल्या पाककृती. डिस्कवर टाकून टीव्हीवर वाचायला द्यायच्या मजकुराची यादी बहुतेक वेळा हीच असते. बनवणाराही ठरलेला: घरातला कॉम्प्युटर जाणणारा भाचा, नाहीतर जावई. पद्धतही ठरलेली. वर्डची फाइल उघडायची, पानांचे स्क्रीनशॉट मारायचे, फोटोंचा स्लाइडशो करणाऱ्या प्रोग्राममध्ये ओतायचे आणि बर्नचं बटण दाबायचं. अर्ध्या तासात डिस्क तयार. मग ‘दिसतंय, पण वाचता येत नाही’ ही तक्रार घेऊन तीच डिस्क माझ्याकडे येते.

‘मोबाइलवर पीडीएफ पाठवा की’ असं म्हणणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी ही खटपट चालली आहे त्यांचा विचार करावा. मोबाइलवरची अक्षरं त्यांना दिसत नाहीत, आणि अक्षरं मोठी केली की पान हातातून निसटतं. डीव्हीडीचा रिमोट मात्र त्यांच्या बोटांना पाठ आहे. प्लेअर पेनड्राइव्हवरचे जेपीईजी दाखवत असेल तर तेही चालेल. पण पान वाईट असेल तर ते पेनड्राइव्हवरूनही वाईटच दिसणार.

अख्खं ए-फोर पान टीव्हीवर चढवणं

ही चूक सगळ्यात जास्त वेळा दिसते, आणि साधा हिशेब न केल्यामुळे होते. आपल्याकडच्या पाल या टीव्ही-पद्धतीत डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे पिक्सेलचं, असतं. टीव्ही हाय-डेफिनिशन असो वा चार-के, डिस्कवर आडव्या रेषा ५७६ च. त्यातही जुने टीव्ही चारही कडा थोड्या कापतात, म्हणून अक्षरं मधल्या ऐंशी टक्क्यांतच ठेवावी लागतात. उरल्या साधारण ४६० रेषा. ए-फोर पानावर चाळीस ओळी असतील तर एका ओळीच्या वाट्याला साडेअकरा रेषा येतात. त्यात वरची मात्रा, रफार, अनुस्वार, मधलं अक्षर, खालचा उकार आणि दोन ओळींमधली मोकळी जागा, सगळं बसवायचं. ‘ष्ट्र’ लिहून दाखवा साडेअकरा रेषांत.

माझा नियम दहा ओळींचा. दहा ओळी घेतल्या की प्रत्येकीला ४६ रेषा मिळतात, अक्षर तीसेक पिक्सेलचं ठेवता येतं आणि उकार खालच्या ओळीच्या मात्रेत घुसत नाहीत. आडवी पंचवीसच्या आसपास अक्षरं. ‘मग पानं किती होतील!’ हा प्रश्न लगेच येतो. होऊ देत. रिमोटचं बटण दाबायला पैसे पडत नाहीत. ज्यांना पानं वाचवायची असतात त्यांना कागदाची सवय असते. इथे कागद नाही.

पद्याला हे माप सोपं जातं. मनाचे श्लोक भुजंगप्रयातात, म्हणजे चरणाला बारा अक्षरं. दोन श्लोक, मध्ये एक रिकामी ओळ, खाली क्रमांक: पान भरलं. गद्य असेल तर परिच्छेद तोडावे लागतात आणि ते हातानेच तोडावेत. वाक्य एका पानावर अर्धं आणि पुढच्या पानावर अर्धं, असं शक्यतो होऊ देऊ नये, कारण वाचणाऱ्याला मागे जायचं बटण सापडेपर्यंत धागा सुटतो.

शिरोरेषा नाचते

हे प्रकरण मी जरा सविस्तर सांगणार आहे, कारण हे आपल्यासारख्या शिरोरेषेच्या लिपींचं दुखणं आहे आणि इंग्रजीतल्या मार्गदर्शिका वाचून डिस्क बनवणाऱ्यांना त्याचा पत्ताच नसतो.

कोकणातल्या एका भजनी मंडळासाठी एका हौशी मुलाने अभंगांची डिस्क केली. स्वतःच्या मॉनिटरवर बघितली, छान दिसली. देवळाच्या सभामंडपात मात्र जुना ट्यूबचा टीव्ही. डिस्क लावली आणि थोड्याच वेळात पुढच्या रांगेतली मंडळी डोळे चोळायला लागली. प्रत्येक ओळीची शिरोरेषा मुंग्यांची रांग चालल्यासारखी थरथरत होती. टीव्ही गेला, असा निकाल लागला. मेकॅनिक आला, मागचं झाकण उघडलं, काहीतरी बदललं, पैसे घेऊन गेला. थरथर तशीच. मग केबल नवी आणली. मग कोणाच्या तरी घरचा प्लेअर आणून जोडला. शेवटी, ज्याने डिस्क केली त्यालाच विचारू या, असं ठरलं. तो म्हणाला, माझ्याकडे नीट दिसतं. खोटं बोलत नव्हता.

मी गेल्यावर आधी सिनेमाची डिस्क लावली. चित्र स्थिर. मग अभंगांची लावली. पहिलं शीर्षकाचं पान, ठळक टपोऱ्या अक्षरांचं, तेही स्थिर. आतली पानं तेवढी नाचत होती. आतल्या अक्षरांची शिरोरेषा एक पिक्सेल जाडीची होती आणि शीर्षकाची पाच-सहा. रोग तिथेच कळला.

कारण असं. ट्यूबचा टीव्ही ५७६ रेषा एकदम काढत नाही. आधी एकाआड एक २८८, मग राहिलेल्या २८८. सेकंदाला अशी पन्नास अर्धी चित्रं. जाड रेषेचा काही भाग दोन्ही फेऱ्यांत येतो, त्यामुळे ती सतत दिसते. एक पिक्सेलची आडवी रेषा फक्त एकाच फेरीत येते, म्हणजे सेकंदाला पंचवीसदा उमटते आणि पंचवीसदा नाहीशी होते. रोमन अक्षरांत अशा आडव्या रेषा सुट्या आणि छोट्या असतात. आपल्याकडे पानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक ओळीला एक. कॉम्प्युटरचा मॉनिटर सगळ्या रेषा एकदम दाखवतो, म्हणून तिथे हे कधीच दिसणार नाही.

उपाय दोन आणि दोन्ही करायचे. पहिला: बारीक वजनाचा फाँट घ्यायचा नाही. शिरोरेषा किमान तीन पिक्सेल भरली पाहिजे. ‘मंगल’ हा फाँट छोट्या मापात बारीक पडतो. मी मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा फाँट वापरतो, सेमी-बोल्ड वजनात. नोटो सान्स देवनागरीही मीडियमच्या पुढे चांगला. दुसरा: पान तयार झालं की फक्त उभ्या दिशेने अगदी हलका, पिक्सेलभर ब्लर द्यायचा. काही व्हिडिओ प्रोग्राममध्ये ‘फ्लिकर कमी करा’ अशा अर्थाचा पर्याय असतो, तो हेच करतो. मॉनिटरवर पान किंचित बोथट दिसेल. दिसू दे. तिथे ‘शार्पन’ मारणारे लोक मला भेटले आहेत. त्यांच्याशी वाद घालायचं मी सोडलं.

त्या मंडळाची पानं याच पद्धतीने पुन्हा काढली आणि थरथर गेली. मेकॅनिकने बदललेला भाग अजून टीव्हीतच आहे.

जुन्या फाँटचा मजकूर

कुलवृत्तांत हमखास श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी नाहीतर डीव्हीबी मालिकेतल्या एखाद्या फाँटमध्ये टाइप केलेला असतो. हे फाँट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवतात. फाँट काढला की उरतो निव्वळ कचरा. तेव्हा आधी युनिकोड, म्हणजे कुठल्याही मराठी फाँटमध्ये वाचता येईल असं, करून घ्यायचं. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात आणि नव्वद टक्के काम बरोबर करतात. घोटाळा उरलेल्या दहात असतो, आणि घाईवाले नेमके तेच तपासत नाहीत. रफार पुढच्या अक्षरावर उडी मारतो. ऱ्हस्व वेलांटी एका अक्षराने सरकते. ‘ऱ्य’ चा ‘र्य’ होतो किंवा उलट, आणि मग वंशावळीतल्या आचार्यांना थेट स्वयंपाकघरात धाडून ‘आचाऱ्यांना’ केलेलं असतं. एका घराण्यात यावरून रुसवेफुगवे झालेले मी पाहिले आहेत. मूळ छापील प्रत शेजारी ठेवून, मोठ्याने वाचत, दुसऱ्या माणसाला ऐकवत तपासा. एकट्याने मनात वाचलं तर डोळा चुका आपोआप दुरुस्त करून पुढे जातो.

युनिकोड झालं म्हणजे सुटलो असंही नाही. चित्र बनवणाऱ्या जुन्या प्रोग्रामांना देवनागरी जुळवता येत नाही. ‘विठ्ठल’ मधली वेलांटी व च्या मागे जाऊन बसते आणि ठ्ठ चे पाय मोडून दोन वेगळे ठ दिसतात. फोटोशॉप असेल तर टाइपच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी लेआउट निवडा. इमेजमॅजिक या प्रोग्रामने पानं काढणाऱ्यांनी ती त्यातल्या पँगोच्या, म्हणजे अक्षरं नीट जुळवणाऱ्या भागाच्या, वाटेने काढावीत. हे काहीच जमत नसेल तर लिब्रे-ऑफिसमध्ये टीव्हीच्या मापाच्या स्लाइड करा आणि त्या पीएनजी म्हणून बाहेर काढा. साधा मार्ग आहे, म्हणून कोणाला आवडत नाही.

आणि ती ‘टेक्स्ट द्या, पानं घ्या’ छापाची साधनं. ती ओळ तोडताना चाळीस कॅरेक्टर मोजतात. त्यांच्या लेखी ‘स्त्री’ हे सहा कॅरेक्टर असतात, म्हणून ओळ कुठेही तुटते आणि पुढच्या ओळीच्या सुरुवातीला ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली एकटी वेलांटी दिसते. मी नोटपॅडमध्ये एंटर दाबत प्रत्येक ओळ स्वतः तोडतो. वेळ लागतो. ज्यांना तेवढा वेळ नाही त्यांनी झेरॉक्स काढून द्यावी.

बाकीच्या, भराभर

रंग. भगव्यावर लाल अक्षरं कितीही मंगल वाटली तरी टीव्हीवर त्यांचा लगदा होतो. डिस्कवर रंगाचा तपशील उजेडाच्या तपशिलाच्या निम्माच साठवला जातो, आडवाही आणि उभाही. अक्षर उठावं लागतं ते उजेड-अंधाराच्या फरकावर. गडद निळ्यावर सायीसारखा पांढरा. अगदी शुभ्र नको, जुन्या टीव्हीवर तो पसरतो. आणि अक्षरांमागे विठ्ठलाचा फोटो नको. फोटोला स्वतंत्र पान द्या.

आकार. ७२० बाय ५७६ चे ठिपके चौकोनी नसतात. जुन्या आकाराच्या टीव्हीसाठी पान ७६८ बाय ५७६ वर करा, रुंद टीव्हीसाठी १०२४ बाय ५७६ वर, आणि मग ७२० वर दाबा. नाहीतर अक्षरं फुगतात.

व्हीसीडी. अजून मागणारे आहेत. पानांचा व्हिडिओ बनवून व्हीसीडीवर टाकला तर चित्र ३५२ बाय २८८ चं होतं आणि जोडाक्षर मेलं. व्हीसीडी २.० मध्ये ७०४ बाय ५७६ ची स्थिर चित्रं ठेवता येतात, तीच वापरा. ती पीबीसी (प्लेबॅक कंट्रोल, प्लेअरमधली मेनू चालवणारी सोय) चालू असेल तरच दिसतात. ‘डिस्क रिकामी आहे’ असा फोन आला की मी आधी रिमोटवरचं पीबीसीचं बटण दाबायला सांगतो. आणि अख्खी ज्ञानेश्वरी एका व्हीसीडीवर मागू नका. नऊ हजारांच्या आसपास ओव्या, पानाला चार धरल्या तरी सव्वादोन हजार पानं, आणि व्हीसीडीवर १९८० च्या वर सेगमेंट, म्हणजे स्थिर चित्रांच्या जागा, बसत नाहीत. अध्यायवार डिस्का करा.

नव्व्याण्णव. डीव्हीडीवर प्रत्येक पान म्हणजे एक चॅप्टर, आणि एका टायटलमध्ये, म्हणजे डिस्कच्या एका भागात, जास्तीत जास्त ९९ चॅप्टर. मनाचे श्लोक २०५, पानाला दोन, म्हणजे १०३ पानं. शेवटची चार कुठे गेली म्हणून लोक डोकं धरून बसतात. शंभराव्या श्लोकापर्यंत एक टायटल, पुढे दुसरं, आणि मेनूवर दोन बटणं.

वेळ. पाच सेकंदांनी आपोआप पान उलटणं ही स्लाइडशो प्रोग्रामांची आवडती खोड. सत्तरीच्या माणसाला पाच सेकंदांत चष्मा सापडत नाही. पान ‘पुढे’ दाबेपर्यंत थांबलंच पाहिजे. डीव्हीडी-ऑथर हा डिस्क बांधणारा प्रोग्राम वापरत असाल तर प्रत्येक पानाला ‘पॉज’ अनंत ठेवा.

जेपीईजी. पानं आधी जेपीईजी केली आणि मग एमपेग, म्हणजे डीव्हीडीवरचा व्हिडिओ, तर अक्षरांभोवती दोनदा किटण चढतं. शेवटपर्यंत पीएनजी ठेवा.

परदेश. न्यू जर्सीच्या मुलीला पाठवायची डिस्क एनटीएससीत, म्हणजे अमेरिकेतल्या टीव्ही-पद्धतीत, करा. तिकडचे बरेच प्लेअर पाल घेत नाहीत. तिथे रेषा ४८० च, म्हणजे ओळी आठ. पाल पानं नुसती दाबून चालवू नका, नव्याने मांडा. रीजन कोडची, म्हणजे डिस्क ठरावीक देशांतच चालू देणाऱ्या कुलपाची, काळजी नको, घरी केलेल्या डिस्कला तो लावावाच लागत नाही.

बर्न करताना

आधी रीराइटेबल डिस्कवर एक प्रत काढा आणि जिथे ती लागणार आहे त्याच टीव्हीवर, त्याच खुर्चीत बसून बघा. माझ्याकडे येणाऱ्यांना मी सांगतो की घरातला सगळ्यात अधू डोळ्यांचा माणूस त्या खुर्चीत बसवा आणि पहिल्या दोन पानांचं मोठ्याने वाचन करून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे अक्षर वाढवा, ओळ तोडा, जोडाक्षर बघा. ‘मला नीट दिसतंय’ हे बनवणाऱ्याचं मत धरायचं नाही, त्याला मजकूर पाठ झालेला असतो.

खरी प्रत कमी वेगाने लिहा, फायनलाइझ (लिहून झालेली डिस्क बंद करणं) करायला विसरू नका, नाहीतर ती फक्त तुमच्याच कॉम्प्युटरवर चालेल. कागदी लेबल चिकटवू नका, डिस्कचा तोल जातो आणि जुना प्लेअर अडतो. डिस्कसाठी मिळणाऱ्या मार्करने नाव लिहा, आणि त्याखाली पाल की एनटीएससी तेही.