सुटे भाग ऑनलाइन मागवताना कुरिअरचा खर्च कसा आवरायचा

मोटरचं ६२०४ नंबरचं बेअरिंग जेमतेम १०६ ग्रॅम भरतं, तरी कुरिअरचं भाडं कधी कधी एक किलोचं लागतं. कारण खोकं. काट्यावरचं वजन आणि आकारमानाचं वजन यांत जे जास्त, त्याचे पैसे लागतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५००० ने भागायचं. २०×१५×१० चं खोकं ०.६ किलो होतं. दर अर्ध्या किलोच्या टप्प्यांत असले की ते थेट एक किलोत जातं. १२×१०×६ चं खोकं मात्र १४४ ग्रॅमच. म्हणून ऑर्डर देतानाच विक्रेत्याला फोन करून लहान खोकं मागा.

पहिल्या अर्ध्या किलोचे पैसे द्यायचेच आहेत, तर तो टप्पा भरून घ्या. तीन ६२०४ (३१८ ग्रॅम), चार-पाच ऑइल सील (शाफ्टभोवती तेल गळू न देणाऱ्या रिंगा), थोडे सर्क्लिप (बेअरिंग जागेवर धरणाऱ्या स्प्रिंगच्या रिंगा) एकाच पार्सलमध्ये बसतात. हेच तीन विक्रेत्यांकडून घेतलं तर तीनदा पहिला टप्पा. लातूरच्या डाळ मिलवाल्यांनी ही यादी तुरीची आवक सुरू होण्याआधीच करावी.

सगळ्यात महाग पडतो तो चुकीचा माल, कारण परत पाठवायचं भाडं बऱ्याचदा आपल्याच माथी बसतं. जुनं बेअरिंग रॉकेलने किंवा डिझेलने पुसून बाजूवरचा नंबर वाचा. नंबर झिजला असेल तर व्हर्नियरने तिन्ही मापं घ्या, नुसतं आतलं भोक मोजून थांबू नका: ६२०४ आणि ६३०४ दोन्हींचं भोक २० मिमीच, पण पहिलं बाहेरून ४७ आणि जाडीला १४, दुसरं ५२ आणि १५. नंबरामागची अक्षरंही लिहून घ्या. झेडझेड म्हणजे पत्र्याचं झाकण, टूआरएस म्हणजे रबराचं. सी३ म्हणजे आतून जास्त मोकळीक असलेलं; ते असेल तर सी३च मागवा. मोटर तापली की बेअरिंगच्या आतली मोकळीक कमी होते, साधं टाकलं तर ते आवळतं आणि लवकर जातं. ऑइल सीलचं माप शाफ्ट, घर (सील जिथे बसतं ते भोक), जाडी या क्रमाने सांगा, उदाहरणार्थ २५×४७×७.

व्ही-बेल्ट (पुलीवरचा पट्टा) गोल गुंडाळून पाठवायला सांगा. खोकं लहान करण्यासाठी मुडपला तर आतले दोरे तुटतात.

खेड्याचा पिन टाकला की काही कुरिअर जादा आकार लावतात किंवा माल तालुक्यालाच थांबवतात. तिथल्या ओळखीच्या दुकानाचा पत्ता द्या, नाहीतर स्पीड पोस्टने मागवा. पोस्टमन गावापर्यंत येतो. रोख देऊन माल घेण्याचा आकार वेगळा असतो, तो आगाऊ पैसे भरले की वाचतो.

पिकाला पाणी द्यायच्या वेळी मोटर बंद पडली तर ऑनलाइनच्या नादी लागू नका. छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेडच्या दुकानदाराला जुन्या बेअरिंगचा फोटो पाठवा आणि माल एसटीच्या पार्सलने किंवा ट्रॅव्हल्सने येईल का ते विचारा. दोन जास्तीचे पैसे गेले तरी पाण्याची पाळी चुकत नाही. पावतीचा नंबर आणि गाडीची वेळ तेवढी फोनवरच लिहून घ्या.