दहा मीटर एअर रायफलच्या नळीच्या टोकाला काय बसवावे

स्पर्धेची एअर रायफल घरी आली की नवोदित नेमबाजाचे आणि त्याच्या पालकांचे लक्ष लवकरच नळीच्या टोकाकडे वळते, कारण तिथे बसवण्याजोग्या वस्तू बाजारात भरपूर मिळतात. लांबी वाढवणाऱ्या ट्यूब, वजनाच्या चकत्या, तऱ्हेतऱ्हेचे फोरसाइट (नेम धरण्याची पुढची साइट) आणि बंदुकीच्या मझल ब्रेकसारखी दिसणारी भोकांची टोपणेही त्यांत असतात. ही टोपणे आधीच बाद करावीत. मझल ब्रेक दारूचा वायू बाजूला किंवा मागे वळवून बंदुकीचा धक्का कमी करतो. एअर रायफलमधून मात्र सुमारे अर्ध्या ग्रॅमचे पेलेट (शिशाची छोटी गोळी) सेकंदाला साधारण 170 मीटर वेगाने निघते आणि पाच किलोंच्या आसपास वजन असलेल्या रायफलला त्याचा धक्का नाममात्रच बसतो. शिवाय आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमांत रायफलवर मझल ब्रेक आणि कॉम्पेन्सेटर (नळीची उसळी कमी करणारे टोपण) या दोहोंना बंदी आहे, आणि भोके पाडलेली नळी किंवा ट्यूबही चालत नाही.

खरेदीपूर्वी आणखी काही नियम ध्यानात ठेवावेत. साइटसह रायफलचे वजन 5.5 किलोंपेक्षा जास्त भरता कामा नये. यंत्रणेच्या मागच्या टोकापासून नळीच्या दिसणाऱ्या तोंडापर्यंतची (ट्यूब लावली असेल तर तिच्या टोकापर्यंतची) लांबी 850 मिलिमीटरच्या आत असावी लागते, आणि फोरसाइट त्या तोंडाच्या पुढे येता कामा नये. नळीवरची वजने नळीच्या मध्य-अक्षापासून 30 मिलिमीटरच्या त्रिज्येतच बसली पाहिजेत. दुकानात सांगितलेल्या मापावर विसंबून न राहता सगळे जोडून झाल्यावर स्वतः वजनकाटा आणि टेप लावून पाहावे.

माझ्या मते टोकावरची सर्वांत महत्त्वाची वस्तू सर्वांत स्वस्त असते, ती म्हणजे फोरसाइटमधली रिंग, जिच्या भोकातून लक्ष्य पाहतात. लक्ष्यावरच्या काळ्या वर्तुळाचा व्यास 30.5 मिलिमीटर असतो. डोळ्यापासून फोरसाइट 90 सेंटीमीटरवर असेल, तर दहा मीटरवरचे ते काळे वर्तुळ फोरसाइटच्या जागी ठेवलेल्या सुमारे 2.7 मिलिमीटरच्या ठिपक्याएवढे दिसते. रिंग 3.2 मिलिमीटरची घेतली, तर ठिपक्याभोवती जेमतेम पाव मिलिमीटर पांढरी कडा उरते. रायफल किंचित हलली तरी काळे वर्तुळ रिंगला चिकटल्यासारखे वाटते, नेमबाज घाबरून ते मध्ये आणायला धडपडतो आणि त्याच गडबडीत ट्रिगर ओढला जातो. चार मिलिमीटरच्या आसपासची रिंग घेतल्यास कडा दुपटीहून अधिक रुंद दिसते, आणि ती चारही बाजूंनी सारखी आहे की नाही हे डोळा आपोआप ओळखतो. म्हणून नवोदिताने मोठ्या रिंगेपासून सुरुवात करावी आणि होल्ड (नेम धरून रायफल स्थिर ठेवणे) स्थिरावत गेला तरच हळूहळू ती कमी करावी. फोरसाइटचे टनेल, म्हणजे रिंग जिच्यात बसते ती नळी, 18 आणि 22 मिलिमीटर अशा मापांत मिळते; आपल्या टनेलच्या मापाची रिंग घ्यावी. प्रकाश कमी असलेल्या रेंजवर रुंद टनेल उजळ दिसते.

यानंतर लांबीचा विचार करावा. दोन्ही साइटमधले अंतर 800 मिलिमीटर असताना फोरसाइट 0.1 मिलिमीटरने सरकले, तर दहा मीटरवर फटका 1.25 मिलिमीटरने चुकतो, म्हणजे दशांश गुणांत सुमारे अर्धा गुण जातो. ट्यूब लावून तेच अंतर 850 केले, तर तेवढ्याच चुकीने फटका सुमारे 1.18 मिलिमीटर सरकतो. फायदा खरा आहे, पण लांबीसोबत हाताची थरथरही डोळ्याला मोठी दिसू लागते आणि वजन पुढे जाते. त्यामुळे होल्ड अजून डगमगणाऱ्या मुलाला लांब ट्यूब देण्याची घाई मला पटत नाही. ट्यूब लावलीच तर फोरसाइट डोळ्यापासून दूर गेल्यामुळे रिंग लहान भासते, म्हणून तिचे मापही त्या प्रमाणात वाढवावे.

वजनाचे गणित सोपे आहे आणि तरीही ते सर्रास चुकते. आधाराच्या हातापासून 60 सेंटीमीटर पुढे लावलेले 100 ग्रॅम हाताला जितके खाली ओढतात, तितकेच 10 सेंटीमीटरवर लावलेले 600 ग्रॅम ओढतात. पुढच्या वजनाने नळीची जलद हालचाल मंदावते हे खरे, परंतु उभ्या स्थितीत तो सगळा भार कंबर आणि पाठीवर येतो आणि साठ फैरींच्या डावात शेवटच्या पंधरा-वीस फैरींना तो जाणवतो. त्यासाठी चकती आधी नळीच्या मागच्या भागात बसवावी, काही सराव तसाच करावा, आणि मग दोन-तीन सेंटीमीटर पुढे सरकवावी. रायफल खांद्याला लावून डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नळी दर वेळी खाली झुकलेली आढळली, तर वजन जास्त पुढे गेले आहे. वाढत्या वयाच्या मुलांच्या बाबतीत हा निर्णय प्रशिक्षकाने शरीर पाहून घ्यावा, मोठ्या नेमबाजाची रायफल पाहून नव्हे.

जोडणी करण्यापूर्वी नळी रिकामी असल्याची खात्री करून हवेचा सिलिंडर काढून ठेवावा. ट्यूबचे आटे कोरड्या कापडाने पुसावेत आणि ती हातानेच घट्ट बसवावी. पान्याने आवळल्यास आटे खराब होतात. मग ब्रीचकडून (नळीच्या मागच्या, पेलेट भरण्याच्या टोकाकडून) उजेड पाडून ट्यूबच्या तोंडाशी पाहावे. नळीचे तोंड ट्यूबच्या बरोबर मध्यभागी दिसले पाहिजे. काही दिवसांनी ट्यूबच्या आतल्या कडेवर एकाच बाजूला राखाडी शिशाची रेघ दिसली, तर पेलेट तिथे घासते आहे असे समजावे आणि ती ट्यूब परत करावी. टोकाशी काहीही बदलले की झिरोही, म्हणजे नेम आणि फटका यांचा जुळवलेला मेळही, सरकतो, म्हणून पुन्हा ग्रुप पाडून (एकाच नेमाने सलग काही फैरी झाडून) बॅकसाइट, म्हणजे मागची साइट, जुळवून घ्यावा, आणि हे सगळे स्पर्धेच्या निदान दोन आठवडे आधी उरकावे, म्हणजे साहित्य तपासणीत काही हरकत निघाली तरी बदल करायला वेळ राहतो.