उंदरांवरच्या प्रयोगात घड्याळ विसरलात? या चुका टाळा

सांगली-साताऱ्याकडच्या फार्मसी कॉलेजांत एम. फार्म.चे प्रयोग सुरू झाले की एक तक्रार ठरलेली: औषध तेच, डोस तोच, तरी रीडिंग जुळत नाहीत. मग खापर उंदरांवर फुटतं, नाहीतर वनस्पतीच्या अर्कावर. डोस किती वाजता दिला, हे मात्र वहीत बहुधा लिहिलेलंच नसतं.

उंदीर निशाचर. आपण सकाळी दहाला इंजेक्शन देतो ती त्याची झोपेची वेळ. यकृतातली औषध मोडणारी एन्झाइम्स, ग्लुटाथायोनचा (यकृताला विषारी पदार्थांपासून वाचवणाऱ्या रसायनाचा) साठा, रक्तातलं कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक, सगळं चोवीस तासांत वरखाली होत असतं. एंडोटॉक्सिनचा, म्हणजे जिवाणूंच्या विषाचा, एकच डोस एका वेळी बहुतेक उंदरांना मारतो आणि दुसऱ्या वेळी बहुतेक वाचतात, हे शरीराच्या घड्याळाचे अभ्यासक फ्रान्झ हालबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९६० मध्येच दाखवलं होतं.

सगळ्यांत महागात पडते ती गटवार डोस द्यायची सवय. सकाळी कंट्रोल (औषध न दिलेला गट), मग स्टँडर्ड (माहीत असलेलं औषध दिलेला), आणि जेवण उरकून टेस्टचे (नवं औषध दिलेले) दोन गट. आता दिसणारा फरक औषधाचा की वेळेचा? नंतर कुठलंही स्टॅटिस्टिक्स हे सोडवून देत नाही. त्यापेक्षा प्रत्येक गटातला एकेक असे चार उंदीर घ्या, ते झाले की पुढचे चार. चौघांचा क्रमही दर वेळी चिठ्ठ्या टाकून ठरवा. रक्त घेताना तोच क्रम पाळा. पिंजरे शोधताना धांदल उडते, उडू द्या.

यकृतरक्षक अर्क तपासायला आपल्याकडे पॅरासिटामॉलचं मॉडेल (जास्त डोसने यकृताला मुद्दाम इजा करून अर्क ती रोखतो का ते पाहणं) फार चालतं, आणि तिथेच वेळ जास्त नडते. संध्याकाळी दिलेलं पॅरासिटामॉल उंदराच्या यकृताला सकाळपेक्षा जास्त इजा करतं. त्यात ‘रात्रभर उपाशी’ ठेवायची पद्धत. उंदीर खातो मुख्यतः रात्रीच, त्यामुळे त्याचं जवळपास सगळं जेवणच तुटतं, ग्लुटाथायोन घटतं आणि इजा आणखी वाढते. उपास थोड्या तासांचा ठेवा. शिवाय पहिल्याला दहाला आणि शेवटच्याला दोनला डोस मिळणार असेल, तर खाणं काढायची वेळही तशीच पुढे सरकवा.

दिव्यांचं काय? साधा मोटरवाला टायमर लाइट गेली की थांबतो. दोन तास लाइट नव्हती तर उंदरांचा दिवसही दोन तास मागे पडला, आणि आपल्याला पत्ताच नाही. बॅटरीचा डिजिटल टायमर लावा, खिडकी काळ्या कागदाने बंद करा. रात्री कुणी ट्यूब लावून आत डोकावलं तरी उंदरांचं घड्याळ सरकू शकतं. जायचंच असेल तर मंद लाल दिवा न्या. तोही प्रखर नको.

वहीत नुसतं ‘सकाळी १०’ लिहू नका. दिवे सहाला लागत असतील तर ती वेळ झेडटी ४, म्हणजे दिवे लागल्यापासून चार तास. एखादं रीडिंग फारच वेगळं आलं, तर ते वगळण्याआधी सगळी रीडिंग डोसच्या वेळेसमोर मांडून पाहा.

औषध माणसाला दिवसा द्यायचं असेल, तर उंदरावर ते रात्री तपासायला हवं. मेंदूच्या पक्षाघातावरच्या काही उपचारांनी उंदरांना दिवसा, म्हणजे त्यांच्या झोपेच्या वेळी, फायदा झाला, रात्री नाही, हे ‘नेचर’मध्ये २०२० साली आलं. त्यासाठी रात्री जागायची गरज नाही: दिव्यांचं चक्र उलटं करा, प्राण्यांना रुळायला साधारण दोन आठवडे द्या, आणि हा बदल संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीकडे जाणाऱ्या प्रस्तावात आधीच लिहा.