इंग्लंडच्या खेड्यात नवे असाल, तर गावाच्या पबचे भागधारक व्हा

बँकेतील खाते, जीपीकडील म्हणजे भागातील डॉक्टरकडील नोंदणी, मुलांची शाळा, कौन्सिल टॅक्स यांविषयी नवीन येणाऱ्या मराठी कुटुंबांना सल्ला देणारे पुष्कळ जण भेटतात, आणि ती कामे पहिल्या काही महिन्यांत मार्गीही लागतात. नोकरीच्या निमित्ताने शहराऐवजी एखाद्या लहान गावात घर घेतलेल्यांची खरी अडचण त्यानंतर सुरू होते. शेजारी हसून बोलतात, हवापाण्याची चौकशी करतात, पण वर्ष उलटले तरी कुणाच्या घरी जाणे-येणे होत नाही. अशा कुटुंबांना मी एकच गोष्ट आग्रहाने सांगत आलो आहे. तुमच्या गावातील पब बंद पडला असेल आणि तो विकत घेऊन पुन्हा सुरू करण्याची धडपड गावकरी करत असतील, तर तुम्ही पहिल्याच बैठकीपासून त्या कामात सामील व्हा.

आपल्याकडील परमिट रूमचे चित्र मनात ठेवून अनेक जण, विशेषतः बायका आणि वडीलधारी माणसे, पबच्या दारातूनच परत फिरतात. इंग्लंडच्या खेड्यातील पब ही मुळात बसून बोलण्याची जागा आहे. तेथे दुपारी जेवायला आजी-आजोबा नातवंडांना घेऊन येतात, क्रिकेट क्लबची बैठक भरते, अंत्यसंस्कारानंतर मंडळी चहा घ्यायला जमतात, आणि लाइम-सोडा घेऊन संध्याकाळभर बसलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. टपाल कार्यालय गेले, दुकान गेले, बस दिवसातून दोनदा येऊ लागली, अशा गावात पब हीच उरलेली सामाईक जागा असते. ती बंद झाली की एकटी राहणारी म्हातारी माणसे आठवडाभर कुणाशी बोललेली नसतात, हे मी माझ्या गावात पाहिले आहे.

पब बंद पडण्याची कारणे बहुतेक ठिकाणी सारखीच आहेत. सुपरमार्केटमधील बिअर स्वस्त झाली, वीज, गॅस आणि पगार महागले, मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या पबमध्ये चालकाला भाडे आणि ठरलेल्या ठिकाणाहूनच माल घेण्याची सक्ती परवडेनाशी झाली. शिवाय कित्येक गावांत त्याच इमारतीचे घर केले, तर तिला पबपेक्षा जास्त किंमत येते. त्यामुळे काही मालक पब रिकामा ठेवतात, छप्पर गळू देतात, आणि काही वर्षांनी हा धंदा येथे चालणारच नाही असे सांगून घर करण्याची परवानगी मागतात.

याच्या विरोधात गावाच्या हाती कायदा आहे. 2011 च्या लोकॅलिझम ॲक्टने इंग्लंडमधील गावकऱ्यांना एखादी इमारत ‘असेट ऑफ कम्युनिटी व्हॅल्यू’, म्हणजे समाजाच्या उपयोगाची मालमत्ता, म्हणून कौन्सिलच्या (स्थानिक प्रशासनाच्या) यादीत नोंदवण्याचा अधिकार दिला. ही नोंद पाच वर्षे टिकते. नोंद झालेला पब विकायला काढताना मालकाला कौन्सिलला कळवावे लागते. त्यानंतर सहा आठवड्यांत गावाच्या गटाने बोली लावण्याची इच्छा लेखी कळवली, तर मूळ सूचनेपासून एकूण सहा महिने तो पब, काही अपवाद सोडता, दुसऱ्याला विकता येत नाही. मालकाने गावालाच विकले पाहिजे असे बंधन या कायद्यात नाही. गावाला मिळतो तो पैसे उभे करायला लागणारा वेळ. हे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून त्या वेळी कौन्सिलकडून खात्री करून घ्यावी. स्कॉटलंडमधील कायदा वेगळा आहे.

येथे नवागतांना ठाऊक नसलेली एक महत्त्वाची बाब सांगतो. नोंदणीचा अर्ज पॅरिश कौन्सिल, म्हणजे गावपातळीवरील कौन्सिल, करू शकते, किंवा स्थानिक मतदारयादीत नावे असलेल्या किमान 21 जणांचा गटही करू शकतो. भारत राष्ट्रकुलाचा सदस्य असल्यामुळे वैध व्हिसावर येथे राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदारयादीत नाव नोंदवता येते. त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. म्हणजे येऊन थोडेच दिवस झालेले जोडपेही त्या 21 मधील दोन नावे होऊ शकते, आणि दोनशे वस्तीच्या गावात दोन नावांना मोल असते. मे 2017 पासून इंग्लंडमध्ये पबचे घर किंवा दुकान करण्यासाठी नियोजन परवानगी घ्यावी लागते, आणि त्या अर्जावर हरकत नोंदवण्याचा हक्कही तुम्हाला आहे. हरकतीच्या पत्रात आठवणींपेक्षा माहिती लिहावी. पुढचा पब किती मैलांवर आहे, संध्याकाळी बस आहे का, तेथे कोणकोणते गट जमत, हे अधिकाऱ्याला विचारात घ्यावे लागते.

असे प्रयत्न यशस्वी होतात याची उदाहरणे आहेत. कंब्रियातील हेस्केट न्यूमार्केट या गावाने 2003 साली ‘द ओल्ड क्राउन’ हा आपला पब सहकारी मालकीत घेतला. लंडनच्या नन्हेड भागातील ‘द आयव्ही हाउस’ हा वर सांगितलेल्या यादीत नोंदला गेलेला पहिला पब, आणि 2013 मध्ये रहिवाशांनी तो विकत घेतला. बाथजवळील साउथ स्टोक गावाचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. तेथील ‘द पॅकहॉर्स’ 2012 मध्ये बंद झाला, गावकऱ्यांनी कित्येक वर्षे पाठपुरावा करून तो मिळवला, दुरुस्त केला, आणि 2018 मध्ये दारे पुन्हा उघडली. आज ब्रिटनमध्ये समाजाच्या मालकीचे असे दीडशेहून अधिक पब चालू आहेत. आयरिश सहकाराचे अध्वर्यू सर होरेस प्लंकेट यांनी 1919 मध्ये स्थापन केलेली प्लंकेट ही संस्था गावांना नमुना नियमावली देते आणि सल्लाही देते.

पैसा उभा राहतो तो मुख्यतः शेअरमधून, आणि हे गणित मराठी माणसाला लवकर समजते. लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने शेतकऱ्यांच्या भागभांडवलातून साखर कारखाना उभा केला, ती गोष्ट आपण शाळेपासून ऐकलेली असते. येथे बहुधा ‘कम्युनिटी बेनिफिट सोसायटी’, म्हणजे समाजाच्या हितासाठी चालणारी सभासदांची संस्था, स्थापन होते. पन्नास पौंड गुंतवणाऱ्याला आणि पन्नास हजार गुंतवणाऱ्याला एकच मत असते. कारखान्याच्या शेअरबरोबर ऊस घालण्याचा हक्क येतो. पबच्या शेअरबरोबर बिअर स्वस्त मिळेल असे समजू नका. शेअरची किंमत कधी वाढत नाही. तो बाजारात विकता येत नाही. पैसे परत हवे असतील तर संस्थेकडेच मागावे लागतात, तेही ठरलेल्या मुदतीनंतर आणि संचालकांना शक्य असेल तेव्हाच. बँक बुडाली तर ठेवीदारांना मिळते तशी भरपाई येथे नाही. म्हणून भारतात घराला पाठवायचे पैसे किंवा व्हिसाच्या शुल्कासाठी साठवलेली रक्कम यात कधीही घालू नका. गेले तरी संसाराला धक्का लागणार नाही एवढेच घाला, आणि किमान रकमेचा एकच शेअर घेतलात तरी सभेत तुमचे मत पूर्ण असते.

माझ्या मते शेअरपेक्षाही शनिवारची श्रमदाने अधिक जोडतात. पाच-सहा वर्षे बंद राहिलेल्या पबमध्ये पहिल्यांदा शिरल्यावर ओल, कबुतरांची घाण आणि जुन्या गालिच्याला मुरलेल्या बिअरचा आंबूस वास यांनी जीव नकोसा होतो. तळघरात पाणी साचलेले असते, लाकडात बुरशी शिरलेली असते. उत्साहाने हातोडा उचलण्याआधी समितीला तीन गोष्टी विचारा. ॲस्बेस्टॉसची तपासणी झाली आहे का, छपरात वटवाघळे आहेत का, आणि इमारत जुन्या वास्तूंच्या संरक्षित यादीत आहे का? वटवाघळांना येथे कायद्याचे कडक संरक्षण आहे, त्यांच्यामुळे छपराचे काम महिनोन्महिने थांबू शकते. जुन्या दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा करू नये, चुन्याचाच करावा, नाहीतर ओल आत अडकून राहते. वाड्याच्या भिंतींना चुना लावलेला पाहिलेल्या कुणालाही हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

या कामात निवृत्त न्यायाधीश आणि गवंडी एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारतात, आणि तुम्हालाही तशीच मारतील. त्यात अनादर नाही. तुमच्या वडिलांच्या वयाच्या माणसाला तुम्हीही नावानेच हाक मारायची, याची सवय करून घ्या. तुमचे नाव त्यांना नीट म्हणता येत नसेल तर दोनदा शिकवा. ते कापून ‘सॅम’ किंवा ‘अ‍ॅश’ करून देऊ नका. स्टुडंट व्हिसावर असाल तर बारमागे विनामूल्य उभे राहण्याआधी किंवा संचालक होण्याआधी व्हिसाच्या अटी वाचा, कारण विनावेतन कामही तासांच्या मर्यादेत मोजले जाऊ शकते.

पब सुरू झाला की महिन्यातून एक रात्र भारतीय जेवणाची करा, असा प्रस्ताव तुमच्याकडे येणारच. तो आनंदाने स्वीकारा, पण घरच्या सवयीने स्वयंपाक करू नका. ब्रिटनच्या कायद्यात ॲलर्जीकारक 14 पदार्थांची यादी आहे आणि त्यांपैकी जो पदार्थ अन्नात असेल तो सांगणे बंधनकारक आहे. त्या यादीत शेंगदाणा, तीळ आणि मोहरी हे तिन्ही आहेत. म्हणजे फोडणी घातली की मोहरी आली, आणि आपल्या निम्म्या भाज्यांत दाण्याचे कूट असते. बाजारातील डबीबंद हिंगातही बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, ते ग्लूटेन न चालणाऱ्याला बाधते. डबीवरील घटकांची यादी वाचा, मसाल्यासह सगळे लिहून काढा, आणि तो कागद स्वयंपाकघरातील जबाबदार व्यक्तीच्या हाती द्या. पहिल्या खेपेला दाण्याचे कूट नसलेले पदार्थच निवडले तर तुम्हीही निश्चिंत राहाल: मसालेभात, वांगी-बटाट्याचा रस्सा, कांदाभजी.

तुमच्या गावात यातील काहीच सुरू झालेले नसेल तर पॅरिश कौन्सिलच्या सूचनाफलकावर पुढील बैठकीची तारीख पाहा. बैठक सर्वांसाठी खुली असते आणि सुरुवातीला बहुधा गावकऱ्यांना बोलण्यासाठी थोडा वेळ राखलेला असतो. बंद पबची नोंद यादीत आहे का, असल्यास ती कधी संपते, एवढाच प्रश्न विचारा. पाच वर्षांची मुदत कुणाच्या लक्षात न येता संपून गेल्याची उदाहरणे आहेत. त्यामुळे हा प्रश्न नव्याने आलेल्या माणसाने विचारला तरी सभेतील कुणीतरी वही काढून तो लिहून घेईल, आणि बैठक संपल्यावर तुमचा फोन नंबर मागेल.