जुन्या जीपचे न मिळणारे पार्ट सोलापुरात कसे बनवून घ्यावेत आणि बसवावेत

उंच बॉनेटची सीजे ३बी जीप पुन्हा रस्त्यावर आणायची म्हटली की इंजिनाची काळजी सगळे करतात. पण पिस्टन, रिंगा, गॅस्केट असलं सामान शोधलं की सापडतं. काम अडतं ते पत्र्यापाशी आणि किरकोळ लोखंडापाशी: चालकाच्या पायाखालचा सडलेला फ्लोअर, बॉडी ज्यावर टेकते ते ब्रॅकेट, शॅकलच्या (स्प्रिंगचे पाटे चॅसीला जोडणाऱ्या झुलत्या कडीच्या) पिना, त्या पाट्यांचे बुश म्हणजे पिनेभोवतीच्या नळ्या, बॅटरीची बैठक. मिळालंच तर ते दुसऱ्या मॉडेलचं निघतं.

ही कामं करून घ्यायला सोलापूर चांगलं गाव आहे. यंत्रमागाचे शाफ्ट आणि बुश वर्षानुवर्षं घडवणारे टर्नर इथं आहेत, उसाच्या ट्रॉल्या बांधणारे फॅब्रिकेटर आहेत. मोटारींच्या कॅमशाफ्ट परदेशी पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट इथलीच. हात तयार आहेत, पण त्यांना वळण मागाचं आणि ट्रॉलीचं आहे. काय हवं ते नीट सांगितलं नाही, तर जीपला ट्रॉलीचा फ्लोअर बसतो. दसरा-दिवाळीच्या आधी ट्रॉल्यांच्या दुरुस्तीची घाई असते आणि संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत कारागीर सापडत नाहीत, तेवढं धरून चाला.

कटर लावण्याआधी कागद

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत झालेली दुरुस्ती तुमच्या कामाची आहे. तिच्यानुसार अशा गाडीला विंटेज म्हणून 'व्हीए' अक्षरांची नोंदणी मिळते. पहिल्या नोंदणीला २०,००० रुपये, पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चॅसी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेला नसावा. ही सोय दुचाकी आणि प्रवासी चारचाकीला आहे, मालवाहू ट्रकला नाही. शिवाय अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालवता येत नाही. नोंदणी साधी ठेवायची असली तरी आरसी बुकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतो.

म्हणून पार्ट बनवायचा तो होता तसाच. 'जरा सुधारून' नको. चॅसी नंबर कोरलेला आहे तिथं ग्राइंडर, सँडब्लास्टिंग, वेल्डिंग यातलं काहीही जाऊ देऊ नका. आधीच फोटो काढा आणि त्या जागेवर टेप लावा.

काय बनवायचं, काय नाही

पत्र्याचे भाग, बॉडीचे ब्रॅकेट, पिना, बुश, स्पेसर, मडगार्डचे आधार, टूलबॉक्स हे खुशाल बनवा. स्टिअरिंगचा टाय रॉड, नकल, ब्रेकचे सिलिंडर आणि चाकाचे स्टड मात्र लेथवर घडवून किंवा वेल्डिंगने जोडून वापरायचे नाहीत. ते विकतच घ्या, मिळेपर्यंत गाडी उभी ठेवा. ब्रेकचे पाइपही साध्या तांब्याच्या नळीचे नकोत. ब्रेकसाठीचीच नळी आणि दुहेरी फ्लेअर, म्हणजे दुमडून पसरवलेलं तोंड.

माप गाडीवरून

सीजे ३बीचा व्हीलबेस ८० इंच, म्हणजे २०३२ मिलिमीटर. पण अशी जीप कुठंतरी वाकलेली, कुणीतरी जोडलेली असतेच. कागदावरच्या ड्रॉइंगवर विसंबून पार्ट केला तर तो ड्रॉइंगला बसतो, गाडीला बसत नाही.

गाडी सपाट फरशीवर स्टँडवर घ्या. चॅसीच्या दोन्ही बाजूंच्या सारख्या भोकांतून ओळंबा सोडा, फरशीवर खडूनं खुणा करा आणि तिरकी मापं ताणा. दोन्ही कर्णांत तीन मिलिमीटरपर्यंत फरक असेल तर पुढे चला. जास्त असेल तर आधी चॅसी सरळ करणाऱ्याकडे न्या. वाकड्या चॅसीवर पत्रा बसवणं म्हणजे तेच काम दोनदा. मिस्त्री सुतात बोलतात, एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.२ मिलिमीटरच्या आसपास. जाड ब्रॅकेटला सूत चालतं, पत्र्याला मिलिमीटरच सांगा.

सडका भाग कापायच्या आधी बॉडीच्या तोंडांना, म्हणजे दाराच्या कटआउटला आणि मागच्या उघड्या बाजूला, आडवे पाइप टॅक करून, म्हणजे वेल्डिंगच्या तात्पुरत्या ठिपक्यांनी जोडून घ्या. फ्लोअर निघाला की बॉडी फाकते. फाकलेल्या बॉडीत बेतलेला फ्लोअर पाइप काढल्यावर कधीच बसत नाही.

फर्मा पुठ्ठ्याचा

चादरी आणि टॉवेलांच्या खोक्यांचा पुठ्ठा या गावात मुबलक. एकेरी थराचा, घडी न पडलेला तुकडा निवडा. जागेवर धरून कडा पेन्सिलीनं उतरवा, भोकांच्या जागी मागून बोट दाबून ठसा घ्या, मग कातरीनं कापा. घडीची रेघ कुठं आणि ती वर वळते की खाली, हे पुठ्ठ्यावरच लिहा. 'पुढे', 'डावी', 'वरची बाजू' हेही लिहा. डाव्या भागाचा फर्मा उलटा करून उजवा कापायचा मोह होतो, पण दोन्ही बाजू सारख्या नसतात. उजव्याचा फर्मा वेगळाच.

पुठ्ठा जागेवर ताण न देता बसला की मगच पत्रा. जाडी ठरवताना अंदाज नको: शाबूत जागेवरचा रंग दोन्हीकडून खरवडा आणि व्हर्नियर लावा. बहुधा १.२ ते १.६ मिलिमीटरच्या मध्ये आकडा येतो. तोच पत्रा, सीआर म्हणजे थंड लाटलेला. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पत्रा स्वस्त वाटतो, पण वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि रात्री थंडीताप भरतो.

इथं फॅब्रिकेटर हमखास म्हणणार, "मालक, तीन एमएमचा टाकू का? नातवाला पण पुरंल." नको म्हणा. पत्र्याचं वजन दुप्पट होतं, बॉडी लवचिक राहत नाही आणि खाचखळग्यात जुना पातळ पत्रा नव्या जाड पत्र्याच्या कडेनं फाटतो. ही जीप चालताना थोडी पिळवटते, तिची घडणच तशी आहे.

घडीचा हिशेब

घडी घालताना पत्रा बाहेरून ताणला जातो, म्हणून बाहेरच्या मापांची नुसती बेरीज करून पत्रा कापला तर भाग मोठा होतो. आतली त्रिज्या पत्र्याच्या जाडीइतकी असेल तर दर काटकोनी घडीला जाडीच्या पावणेदोन पट वजा करा. उदाहरण घ्या: १.६ मिलिमीटरचा पत्रा, मधला सपाट भाग बाहेरून ३०० आणि दोन्ही कडांना ४०-४० ची घडी. बेरीज ३८०. दोन घड्यांचे ५.६ मिलिमीटर वजा, म्हणून पत्रा ३७४.४ चा कापायचा. प्रत्येक बेंडिंग मशीनची डाय वेगळी असते, तेव्हा त्याच पत्र्याची पट्टी आधी वाकवून घ्या आणि मोजा. मशीनवाला 'लागत नाही' म्हणाला तरी घ्या.

मूळ फ्लोअरवर उठावाच्या रेघा असतात. त्या शोभेच्या नाहीत. त्या नसल्या तर फ्लोअर डब्यासारखा वाजतो. पत्र्याच्या पेट्या आणि धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्यांकडे बीडिंगचं हातमशीन असतं, पण ते पातळ पत्र्यासाठी. १.२ ला ते दमतं, १.६ ला लावूच नका. त्यापेक्षा बाभळीच्या ठोकळ्यात गोल खाच पाडून घ्या, पत्रा वर पक्का आवळा, खाचेवर गोल सळई ठेवून दोन टोकांपासून मध्याकडे थोडं थोडं ठोकत या. एका दमात खोल गेलात तर पत्रा बाजूनं सुरकुततो. रेघा आधी, कडेच्या घड्या नंतर; रेघ काढताना पत्रा आत ओढला जातो.

टॅक, बोल्ट, मग वेल्डिंग

सीजे ३बीची पेट्रोल टाकी चालकाच्या सीटखाली असते. फ्लोअरजवळ ठिणगी पडायच्या आधी ती काढून शेडच्या बाहेर न्या. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची, आत वाफ असते. टाकीला वेल्डिंग करून भोक बुजवणारा कुणी भेटला तर तिथून निघा. बॅटरीची तार सोडा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, ब्रेकच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस. घासताना मास्क लावा आणि ब्रेकची धूळ हवेच्या पाइपानं उडवू नका.

जुना फ्लोअर ठिपक्यांच्या स्पॉट वेल्डनं बसवलेला असतो. प्रत्येक ठिपक्याला सेंटर पंच मारून ८ मिलिमीटरच्या ड्रिलनं फक्त वरचा थर कोरा, खालचा शाबूत ठेवा. नव्या तुकड्याला तेवढीच भोकं पाडून त्यातून वेल्ड भरलं की जोड मूळासारखा दिसतो. दोन थर एकमेकांवर येणार तिथं आतून झिंकयुक्त वेल्डेबल प्रायमर आधीच लावा, नंतर तिथं ब्रश जात नाही.

नवा भाग क्लॅम्पनं धरा, चार-सहा टॅक मारा आणि थांबा. बॉडी चॅसीवर ठेवा, सगळे बोल्ट हातानं घाला. सीट ठेवून बघा. पेडल दाबून बघा. गिअरचा दांडा सगळ्या गिअरांत फिरवा. एखादा बोल्ट टॉमीनं (लोखंडी पहारीनं) ओढून बसवावा लागत असेल तर टॅक तोडा. पार्ट गाडीला जुळला पाहिजे, पार्टसाठी गाडी ओढायची नाही. ओढून बसवलेला जोड खराब रस्त्यावर पहिल्यांदा तडकतो.

बॉडी आणि चॅसी यांच्यात रबरी थर हवाच. कन्व्हेअर बेल्टचा जुना तुकडा गोल कापून मधे भोक पाडला की उत्तम पॅड होतं. सगळ्या पॅडची जाडी एकच ठेवा.

सगळं बसलं की वेल्डिंग. पातळ पत्र्याला रॉडचं वेल्डिंग नको, भोकं पडतात. सीओटू मशीन, ०.८ ची वायर, दोन टॅकमधलं अंतर २५-३० मिलिमीटर. एक टॅक इकडे, पुढचा दूर पलीकडे. हात लावता येईल इतकं गार झालं की मधली जागा भरा. ओल्या फडक्यानं गार करायची सवय बऱ्याच डेंटरांना असते. ती थांबवा, पत्रा लाट मारतो.

लेथवाल्याकडे जोडी न्यावी

बुशाचं काम देताना लोक झिजलेला नमुना हातात ठेवतात आणि "असाच करा मामा" म्हणतात. मामा तसाच करून देतात, झिजेसकट. नमुन्याबरोबर ज्यात तो बसतो तो पाट्याचा डोळा, म्हणजे टोकाचं गोल भोक, आणि ज्यावर फिरतो ती पिन, दोन्ही न्या. पिनचं माप घासलेल्या जागी घेऊ नका, नटाजवळच्या न झिजलेल्या टोकाशी घ्या.

पिनला ईएन८ पोलाद आणि वरून इंडक्शन हार्डनिंग (विजेनं तापवून वरचा थर कडक करणं), बुशाला गनमेटल. बुश डोळ्यात प्रेसनं बसला पाहिजे. बसल्यावर आतलं भोक किंचित आवळतं, म्हणून आतून थोडा कमी ठेवून बसवल्यावर रीमर, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार, फिरवायला सांगा. पिन हातानं सरकली पाहिजे, पण वर-खाली खटखटता कामा नये, ०.०५ ते ०.१ मिलिमीटरची जागा पुरते. ग्रीसची खाच आणि भोक निप्पलच्या रेषेत येतंय ना ते बुश ठोकण्याआधी मार्करनं खूण करून बघा. भोक फिरलं तर ग्रीस कधीच आत जात नाही. मूळ यू-शॅकल असेल तर तिचे बुश आट्यांचे असतात आणि काहींचे आटे उलटे. खोलताना कुठला कुठून निघाला याची चिठ्ठी बांधा.

आट्यांवरून आणखी एक. ही जीप इंचाच्या आट्यांची आहे. ५/१६ यूएनएफला (बारीक इंची आट्यांना) इंचात २४ आटे. बाजारातला ८ एमएमचा बोल्ट त्यात दोन फेरे जातो आणि मग अडतो. मेकॅनिक पान्याला पाइप लावून तो घुसवतो आणि भोकाचे आटे जातात. आट्यांचा गेज जवळ ठेवा, खराब भोक त्याच मापाच्या टॅपनं साफ करा. अनेक जुन्या जीपांना डाव्या चाकांचे नट उलट्या आट्यांचे असतात, स्टडच्या टोकावर एल अक्षर बघा.

रंगाआधी आणि नंतर

सोलापूरची हवा कोरडी, त्यामुळे इथल्या जीपा कोकणातल्यासारख्या चॅसीतून सडत नाहीत. सडतात त्या मॅटखाली, शेतातला चिखल आणि धुण्याचं पाणी साचून. म्हणून नव्या फ्लोअरच्या जोडांना वरून-खालून सीलर भरा, पाणी निघायची मूळ भोकं उघडी ठेवा आणि खालून इपॉक्सी प्रायमर मारा. नुसता रेड ऑक्साईड पुरत नाही. भर उन्हात रंगवू नका. मे महिन्यात तापलेल्या पत्र्यावर रंग बसायच्या आधीच सुकतो. सकाळी लवकर, पत्रा हाताला गार लागत असताना मारा.

पाट्यांना रबरी बुश घातले असतील तर त्यांचे बोल्ट गाडी स्टँडवर असताना शेवटचे आवळू नका. चाकं जमिनीला टेकवा, गाडी दोन-तीनदा दाबून सोडा, मग आवळा. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि फाटतं. पाटे ॲक्सलला धरणारे यू बोल्ट चारही थोडे थोडे, आलटून पालटून. पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरनंतर यू बोल्ट, बॉडीचे बोल्ट आणि चाकाचे नट पुन्हा तपासा. रबर आणि बेल्टचे पॅड तोवर दबलेले असतात, त्यामुळे बॉडीचे बोल्ट जवळपास सगळेच अर्धा-पाऊण फेरा घेतात.