ऑफिस सुरू झालं, अंगावर पाजणंही चालू राहिलं

२६ आठवड्यांची रजा संपत आली तरी आमच्या बाईसाहेब बाटलीला तोंड लावेनात. माझा वास आला की धाव पदराकडेच. शेवटी बाटली आईच्या हातात दिली आणि मी भाजी आणायला सटकले. भूक कडकडून लागायच्या आधीच द्यायची, बाळाला टेकवून बसतं धरायचं, बाटली जवळजवळ आडवी ठेवायची, मधेमधे थांबायचं. घेतली की! निजवून बाटली उलटी धरली तर दूध घशात धो धो जातं, मग अंगावर ओढायचा कंटाळा करतात पोरं.

दूध काढायला पहाट उत्तम, तेव्हा जास्त येतं. एकीकडे पाजायचं, दुसरीकडे पंप. ऑफिसात दर तीनेक तासांनी काढते. टाळलं तर छाती दगडासारखी होते, शिवाय दूध आटायला लागतं. फ्रिजमध्ये आतल्या बाजूला (दारात नको) ४ दिवस टिकतं. बाहेर २५ अंशांपर्यंत ४ तास म्हणतात, पण आपल्या मे महिन्यात कुठले २५ अंश! वर साय जमली म्हणजे दूध नासलं नाही, बाटली हलकेच फिरवायची. कोमट करायला गरम पाण्याचं भांडं. सासूबाई ते गॅसवर उकळायला निघाल्या होत्या, थोडक्यात वाचलं.

रात्री आणि रविवारी मात्र बाटली नाहीच, सगळं अंगावर.